डांबराची चाकं

तोकुएदा-सानांविषयी मला फार थोडं माहीत आहे. आमची दारं समोरासमोर होती. मध्ये एक मोटार जेमतेम जाईल एवढी गल्ली. असे आम्ही जवळजवळ अर्धं आयुष्य राहिलो, तरी त्यांना कोणती भाजी आवडत नसे हेसुद्धा मला सांगता येणार नाही. त्यांच्या पत्नीचं नाव फुमिए होतं, हे मला त्या गेल्या तेव्हा दारावर लागलेल्या कागदावरून कळलं. आमच्या गल्लीचं मंडळ वर्षभरात गेलेल्यांवर चार-चार ओळी छापतं. तोकुएदा-सानांवर लिहायला कोणी पुढे येईना, म्हणून समोरचा शेजारी या नात्याने ते काम माझ्याकडे आलं. मी जन्मभर लोकांच्या नावाचे, सहीऐवजी उमटवायचे शिक्के कोरले, म्हणजे एका वेळी दोन-तीन अक्षरं. एवढं सलग लिहायची सवय नाही. चार ओळींच्या जास्त झाल्या आहेत, मंडळाने वाटेल तिथे कापाव्यात.

ते गॅसच्या टाक्या पोचवायचे. खोऱ्यातल्या पार वरच्या घरांपर्यंत, जिथे गाडी जात नाही तिथे टाकी खांद्यावर घेऊन. निवृत्त झाल्यावरही चालताना त्यांचा उजवा खांदा खाली झुकलेला असे. रविवारी मात्र ते मोटरसायकल काढत. मातीत चालवायची, उंच, हलकी, अडीचशे सीसीची गाडी, टायरला बोटाएवढे रबराचे दात. ते धरून पाच मित्र होते. सकाळी जंगलातल्या कच्च्या रस्त्यांनी वर जायचे आणि दुपारी उतरायचे, तेव्हा चिखलाने इतके माखलेले असत की कोण कोणता हे हसण्यावरूनच ओळखावं लागे.

त्यांचा एक नियम होता. जंगलात एकट्याने जायचं नाही. त्यांच्यातला एक जण पूर्वी कधीतरी एकटा गेला होता, गाडी पायावर पडली आणि अळंबी वेचायला आलेल्या एका बाईच्या नजरेला पडेपर्यंत तो तसाच पडून राहिला. तेव्हापासूनचा हा नियम. पुढे एकाची पाठ गेली, एक वारला, एकाची बायको अंथरुणाला खिळली. शेवटचे होरिए-सान. त्यांची नजर अधू झाली आणि मुलगी त्यांना नागोयाला घेऊन गेली. त्यानंतर तोकुएदा-सानांची गाडी दारातच राहिली. पण रविवारी ती धुवायची सवय सुटली नाही. स्वच्छ गाडी ते बादलीभर पाण्याने पुन्हा स्वच्छ करत.

"आज नाही गेलात?" मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं.

"कोणाबरोबर जाऊ?" ते म्हणाले आणि फडकं पिळलं.

गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता त्यांच्या नावाने दोन मोठी खोकी आली. ते घरी नव्हते, म्हणून कुरियरवाला माझ्याकडे ठेवून गेला. संध्याकाळी मी ती एकेक करून पलीकडे नेली.

"अरेरे, तुम्हाला केवढा त्रास! जड आहेत हो ती."

"मला वाटलं टाकी आली."

ते हसले. मी माझ्या हयातीत त्यांना हसवल्याचं मला आठवतं ते एवढंच, म्हणजे त्या दिवशी आणि त्यानंतर आणखी एकदा.

"चाकं आहेत," ते म्हणाले. "गाडीला बूट बदलतोय. चिखलाचे काढून डांबराचे. डांबरावर एकट्यानं गेलं तरी चालतं. पडलो तर एखादा मोटारवाला बघेल तरी." मग खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उचकटत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि खिंडीपलीकडे गो-कार्टचा ट्रॅक आहे ना, तिथं रविवारी सकाळी अशाच गाड्यांची माणसं जमतात. गाडी मातीची, चाकं डांबराची. त्यांच्यात कुठे जमलं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला ते पुरं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गल्लीतूनच हाक मारली. "हिरागा-सान, जरा चाक धराल का? नुसतं धरायचंय."

मला गाड्यांतलं काही कळत नाही, म्हणून चुकलंमाकलं लिहीन. गाडी एका लाकडी ठोकळ्यावर चढवलेली होती, दोन्ही चाकं अधांतरी. जुनी चाकं आकाराने वेगवेगळी होती, पुढचं मोठं आणि अरुंद, मागचं लहान. नवी दोन्ही सतरा इंची, सारख्याच उंचीची, बुटकी आणि रुंद. काळी रिम, सोनेरी हब, आणि टायर असे गुळगुळीत की हात फिरवावासा वाटे. रिम एका कंपनीची, हब दुसऱ्याच कोणाची, आणि गाडी तिसऱ्याची. "सावत्र चाकं आहेत," तोकुएदा-सान म्हणाले. "गोडीगुलाबीनं घ्यावं लागतं."

आधी मागचं केलं. जुन्या चाकावरचं दातेरी चक्र काढून नव्यावर बसवलं, चेन चढवली, ॲक्सल आत सारला. टायर इतका रुंद होता की चेनला घासतो की काय अशी शंका होती. त्यांनी मध्ये करंगळी घातली. करंगळी गेली. "पास," ते म्हणाले.

पुढच्या चाकाने मात्र छळलं. त्याला ब्रेकची तबकडी जुनीपेक्षा बरीच मोठी होती, त्यामुळे ती पकडणारा कॅलिपर बाहेर सरकवण्यासाठी वेगळी पट्टी लावायची होती. ती लावून झाली. मी गुडघ्यावर बसून चाक दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी ॲक्सल सारला, नट आवळले आणि म्हणाले, "आता सोडा, फिरवा." मी फिरवलं. चाक जेमतेम पाव वळसा गेलं, कुर्र आवाज करून थांबलं. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा कुर्र. तबकडी कॅलिपरला घट्ट घासत होती.

तोकुएदा-सान जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्राकडे बघत बसले. त्यावर त्यांनी सगळे भाग ओळीने मांडले होते. चाकाच्या दोन्ही अंगांना ॲक्सलवर एकेक धातूची नळकांडी बसते, स्पेसर म्हणतात तिला. एक लांब, एक आखूड. कोणती डावीकडे आणि कोणती उजवीकडे हे त्यांनी कागदावर पेन्सिलने लिहूनही ठेवलं होतं. मग ते उठले, गाडीवर चढून बसले, हँडल धरलं आणि तिथून त्या वर्तमानपत्राकडे बघितलं.

"हात्तिच्या!"

"काय झालं?"

"गाडीचं डावं-उजवं वर बसणाऱ्याच्या बाजूनं मोजतात. मी समोर बसून मोजलं. चाळीस वर्षं गाडी चालवतोय आणि समोर बसून मोजलं."

"आमच्या धंद्यात तेच बरोबर आहे," मी म्हणालो. "शिक्क्यावर सगळं उलटंच कोरायचं."

"मग तुम्हीच बसवा!" ते खो खो हसले. हे ते दुसऱ्यांदा. मग हसू ओसरल्यावर स्पेसर अदलाबदल करता करता म्हणाले, "होरिए असता ना, तर तिथं बसल्या बसल्या ओरडला असता. अरे गाढवा, कुठून बघतोयस! फार दिवसांत मला कोणी गाढव म्हटलं नाही."

मी चाक धरून होतो. मला ते म्हणता येण्यासारखं नव्हतं. तेवढी आमची ओळख नव्हती.

या खेपेला चाक फिरलं. काही आवाज न करता बराच वेळ फिरत राहिलं, आणि ते थांबेपर्यंत आम्ही दोघे बघत राहिलो. गाडी ठोकळ्यावरून खाली घेतली तेव्हा एक नवीच अडचण. चाकं बुटकी झाल्याने गाडी खाली बसली होती, पण तिला उभी ठेवणारा बाजूचा पाय जुन्याच लांबीचा. त्यामुळे गाडी कलायच्या ऐवजी सरळ ताठ उभी राहिली आणि हळूच दुसऱ्या अंगाला, म्हणजे माझ्या अंगावर आली. दोघांनी मिळून ती भिंतीला टेकवली. "लाजतेय," ते म्हणाले. पुढे वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी तो पाय कापून आखूड करून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नीट इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. हातात लाल घेवड्याच्या गोड वड्यांचा डबा, वर दुकानाचा कागद. "काल आपल्याला फार तसदी दिली." मी वाकलो, तेही वाकले. वड्या उत्तम होत्या. पण माझ्या मनात आलं की आता हिशेब मिटला, पुन्हा हाक यायची नाही. आमच्या गल्लीत कोणी कोणाचं काही ठेवून घेत नाही, आणि म्हणूनच कदाचित कोणी कोणाकडे फारसं जातही नाही.

नवे टायर निसरडे असतात. वरचा गुळगुळीत थर रस्त्यावर घासून जाईपर्यंत जपून चालवावं लागतं. त्याला हे लोक साल काढणं म्हणतात, काकडीची काढावी तशी. तोकुएदा-सान रोज सकाळी साल काढायला जात, खोऱ्याच्या रस्त्याने खाली आणि परत. पुढचं चाक लहान झाल्याने वेगाचा काटा आता खोटं बोलायचा, होता त्यापेक्षा जास्त वेग दाखवायचा. "या वयात असं खोटं बोलणारं कोणीतरी हवंच," असं ते मला म्हणाले होते.

मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी ते खिंड ओलांडून ट्रॅकवर गेले. मी दारात जिंकोच्या झाडाची पानं झाडत होतो. दुपारी परत आले, हेल्मेट काढलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. मी काही विचारणार नव्हतो. पण तेच माझ्या झाडूजवळ येऊन उभे राहिले.

"चांगले लोक आहेत," ते म्हणाले. "कुरोसे म्हणून एक बाई सगळं बघते. शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. आवाज असा की इंजिनाच्या वर ऐकू येतो."

"चालवायला मिळालं?"

"मिळालं की. हे बघा." त्यांनी मागच्या टायरकडे बोट केलं. मधला भाग मळकट झाला होता, पण दोन्ही कडांना दोन-दोन बोटं रुंदीची पट्टी अजून कोरी होती, दुकानातून आल्यासारखी चकचकीत. "वळणावर गाडी जितकी आडवी कराल तितकी कड रस्त्याला लागते. घाबरणाऱ्याची कड राहते. याला ते लोक उरलेलं म्हणतात. एक पोरगा वाकून बघतो नि म्हणतो, आजोबा, केवढं उरवलंयत! घरी नेऊन उद्या गरम करून खाणार का?"

"मग?"

"मग सगळे हसले. मीही हसलो." ते टायरकडेच बघत होते. "निघताना ती बाई म्हणाली, पुढच्या रविवारी या हं, नक्की या, तुमची जागा ठेवते."

"अरे वा."

"म्हणायचं म्हणून म्हणतात हो."

मी मान हलवली. आमच्याकडे निघालेल्या माणसाला पुन्हा या असं म्हणतातच, आणि समजूतदार माणूस येत नाही. मीही दुकानातून जाणाऱ्या प्रत्येकाला तेच म्हणत आलो, आणि नावाचा शिक्का माणूस आयुष्यात एकदाच करतो.

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. म्हणजे निघाले, पण खिंडीकडे न जाता धरणाकडे. धरणाच्या वाटेवर ओळीने वळणं आहेत. तिथे ते एकटेच वर-खाली करत राहिले असावेत, कारण दुपारी आल्यावर त्यांनी मला हाक मारून टायर दाखवला. "थोडं कमी झालं." त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच. कडेची कोरी पट्टी दोन बोटांची दीड झाली, मग एक झाली. मी वाकून बघायचो आणि "हो, कमी झालं," म्हणायचो. मला त्यातलं कळत नव्हतं, पण त्यांना दाखवायला दुसरं कोणी नव्हतं, एवढं कळत होतं.

"आणखी थोडं जाऊ दे," ते म्हणत. "मग बघू, जमलं तर जाईन एखाद्या वेळी."

डिसेंबर लागला. एका दुपारी एक छोटी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि गमबूट घातलेली एक बाई प्रत्येक दारावरची नावं वाचत आली.

"काका, तोकुएदा-सान इथेच कुठे राहतात ना? पूर्वी गॅसच्या टाक्या पोचवायचे ते?"

"समोर. पण ते दवाखान्यात गेलेत."

"अगं बाई! काय झालं?"

"काही नाही, रक्तदाबाचं. दर महिन्याला जातात."

तिने छातीवर हात ठेवला. "मी म्हटलं संपलं सगळं. मी कुरोसे. किती रविवार झाले, ट्रॅकच्या फळ्यावर त्यांचं नाव लिहिते आणि जाताना पुसते. पोरं चिडवतात मला, ताई, तुझा नवरा आज पण आला नाही का गं?"

मी झाडू हातात धरून उभा होतो. "म्हणजे तुम्ही... खरंच बोलावलं होतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. "खोटं कसं बोलावतात, काका? मी समुद्राकडची आहे. आमच्याकडे या म्हटलं की माणूस येतो." मग आवाज उतरवून, म्हणजे तिच्या मानाने उतरवून, म्हणाली, "त्या पोराच्या बोलण्याचा राग आला का त्यांना? उरलेलं म्हणाला त्याचा? अहो, तसं आम्ही आपल्याच माणसाला म्हणतो. परक्याच्या चाकाकडे वाकून कोण बघतं?"

जाताना तिने सांगितलं की येता रविवार हा या वर्षीचा शेवटचा. एकदा बर्फ पडलं की ट्रॅक बंद, तो थेट मार्च संपताना उघडतो. "त्यांना पाठवाच," ती म्हणाली. "तुम्ही पण या, चहा मिळतो."

तोकुएदा-सान औषधाची पिशवी घेऊन परतले तेव्हा मी दारातच थांबलो होतो. गल्लीत कोणाची वाट बघत उभं राहणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे तेही चमकले.

"कुरोसे-सान येऊन गेल्या. ट्रॅकवरच्या."

"का? माझं काही राहिलं का तिथे?"

"नाही. तुम्ही का येत नाही ते विचारायला."

त्यांनी खिंडीकडे बघितलं. "खिंड ओलांडून? तेवढ्यासाठी?"

"दर रविवारी फळ्यावर तुमचं नाव लिहितात म्हणे. खरंच बोलावलंय, तोकुएदा-सान. म्हणायचं म्हणून नाही."

"माझं नाव?" पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "कोणत्या अक्षरांत लिहितात?"

"ते विचारायचं सुचलं नाही."

"चुकीचंच लिहीत असणार. उच्चार एकच, अक्षरं अनेक, सगळे चुकतात." पण हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मी आत जाण्याचं निमित्त शोधलं. संध्याकाळपर्यंत समोरून हवा भरायच्या पंपाचा आणि पान्यांचा आवाज येत होता.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर गल्ली पांढरी. त्या वर्षी बर्फ लवकर आलं. तोकुएदा-सान त्यांच्या दारात फावडं घेऊन उभे होते, पण उपसत नव्हते, वर बघत होते. "फोन तरी करा त्यांना," मी म्हणालो. "काय सांगू? बर्फ पडलंय म्हणून? त्यांच्याकडेही पडलंय," ते म्हणाले, आणि उपसायला लागले.

नव्या वर्षाला त्यांना तिचं शुभेच्छापत्र आलं. ते त्यांनी दारातल्या चपलांच्या कपाटावर असं उभं ठेवलं होतं की येणाऱ्याला आत न शिरता वाचता यावं. मी वाचलं. मार्चमध्ये या, हे म्हणायचं म्हणून नाही, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यांच्या नावाचं दुसरं अक्षर चुकलेलं होतं. त्या हिवाळ्यात तिथे येणारं मात्र फारसं कोणी नव्हतं. वर्तमानपत्रवाला, मी आणि मंडळाच्या सूचनांची फिरती फाइल. गाडी त्यांनी दाराच्या आत घेतली होती, ठोकळ्यावर. कधी कधी दुपारी त्या बाजूने चाक फिरवल्याचा हलका आवाज यायचा, फिरून फिरून थांबणारा. मी रेडिओ बारीक करायचो. काय म्हणून ते मला सांगता येत नाही.

मार्चच्या सुरुवातीला ते गेले. हृदयाने दगा दिला, असं डॉक्टर म्हणाले. घरातच, एकटेच होते. पुतण्या ओकायामाहून आला, त्याने सगळं नीट केलं, गाडीही तोच घेऊन गेला. कुरोसे-सानांना मी कळवलं. फोनवर त्यांचा आवाज प्रथमच मला नीट ऐकू आला नाही.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे आपापल्या दारासमोरचं उरलंसुरलं बर्फ फोडत होतो. ऊन पडलं होतं. पागोळ्या गळत होत्या.

"उन्हात जोर आला," मी म्हणालो.

"आला खरा. खिंडीतला रस्ता मोकळा झाला म्हणे."

"मग झालंच की आता."

"छे, रस्त्यावर मीठ आहे अजून. बर्फासाठी टाकलेलं. चाकांना लागलं तर आरे गंजतील. एक चांगला पाऊस हवा, सगळं धुऊन नेणारा."

"मंगळवारी सांगितलाय."

"मंगळवारी ना? मग बरंय."